पत्र्याखाली काय ठेवायचं? सुरतेतल्या लोखंडी शेडचा आढावा

उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा, पांडेसरा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून रेल्वेने सुरतेला आलेल्या खानदेशी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या वस्त्यांत रुजल्या. पहिल्या पिढीने लूम्सच्या कारखान्यांत रात्रपाळ्या केल्या आणि भाड्याच्या खोलीत दिवस काढले. पुढच्या पिढीने रो-हाउस घेतलं. घर स्वतःचं झालं, पण सामानाला जागा मिळाली नाही. गावाहून येणारी वर्षाची दादर ज्वारी आणि गहू, उन्हाळ्यापुरता लागणारा कूलर, मुलांच्या सायकली, लग्नकार्याची मोठी पातेली, आणि घरातल्या बायका साड्यांचं धागा कटिंग किंवा लेस-टिकलीचं काम घेत असतील तर त्या साड्यांची गाठोडी. एवढं सगळं दोन खोल्यांत मावत नाही. मग घरामागच्या पट्टीवर किंवा गच्चीवर पत्र्याचं शेड टाकायचं ठरतं.

ठरतं तेव्हा चर्चा होते ती पत्र्याच्या रंगाची आणि भावाची. माझं मत आधीच सांगतो: शेडवर जितका खर्च होईल त्यातला मोठा वाटा जमिनीत आणि जोडात गेला पाहिजे, आणि शेड सामानाचं असलं पाहिजे. ते माणसांचं होऊ लागलं की धोका सुरू होतो. सुरतेने त्याची किंमत मोजली आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

आधी खरेदी. बाजारात दोन वाटा आहेत. एक तयार किटची. युरोप-अमेरिकेत घरामागच्या बागेत गवत कापायचं यंत्र, कुदळ-फावडी ठेवायला जे छोटं लोखंडी कोठार लावतात, तेच खोक्यात घालून ऑनलाइन विकलं जातं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते चांगलं परिचयाचं आहे. पातळ, घड्या घातलेले पत्रे, शेकडो स्क्रू, चित्रांची पुस्तिका, आणि दोघांनी मिळून सुट्टीच्या दिवशी जोडायचं काम. या किटचा गुण असा की वेल्डिंग लागत नाही आणि घर बदललं तर शेड उकलून नेता येतं. दोष असा की बहुतेक किटमध्ये तळ नसतो. खालचा ओटा आणि त्यात रुतणारे बोल्ट आपणच करायचे, आणि नेमकं तेच काम लोक सोडून देतात. शिवाय पत्रा इतका पातळ असतो की कोपर लागलं तरी पोचा पडतो. चार बाजूंनी भिंत असलेल्या, वारा अडवणाऱ्या जागेत हलकं सामान ठेवायचं असेल तर किट चालेल. उघड्या जागेवर नको.

दुसरी वाट फॅब्रिकेटरची, आणि सुरतेत तीच सोयीची. उधना, पांडेसरा, सचिन या औद्योगिक पट्ट्यांत पत्रा, पाईप आणि वेल्डर एकाच रस्त्यावर मिळतात. हजिऱ्याला देशातला एक मोठा पोलाद कारखाना आहे. पूर्वी तो एस्सारचा होता, डिसेंबर २०१९ पासून आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टीलचा आहे. शहराला पोलादाची टंचाई नाही. टंचाई आहे ती नेमकं काय मागायचं हे ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकांची.

पत्रा गेजवर मागू नका, मिलिमीटरवर मागा. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, आणि कोणत्या पद्धतीचं गेज धरलं यावर जाडी बदलते, त्यामुळे दुकानदार आणि गिऱ्हाईक वेगवेगळं समजून बसतात. रंगीत पत्र्यात आणखी एक गोम असते. सांगितलेली जाडी नुसत्या पोलादाची की जस्त आणि रंग धरून? जस्त-रंगासह ०.५० मिमी सांगितलेला पत्रा आतून ०.४५ च्या आसपास निघतो. याची पारख करायला एक साधा मार्ग आहे: वजन. नेहमीच्या १२२० मिमी रुंद पट्टीतून घडवलेला १० फुटी पत्रा ०.५० मिमी जाडीचा असेल तर त्याचं वजन साडेचौदा किलोच्या आसपास भरतं, ०.३५ चा असेल तर जेमतेम दहा किलो. वजनकाटा प्रत्येक लोखंडाच्या दुकानात असतो. पत्रा काट्यावर ठेवायला सांगण्यात संकोच कसला? आणि पक्कं बिल घ्यावं. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो म्हणून अनेक जण ते टाळतात, पण पुढे पत्रा निकृष्ट निघाला तर हातात दुसरा कसलाच पुरावा नसतो.

जाडीनंतर मुलामा. नागमोडी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतलं आणि लोखंडाला जस्ताच्या रसात बुडवण्याचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये. हे दोन शोध एकत्र आले आणि पत्रा जगभर गेला. आजही जस्तच पत्र्याचं आयुष्य ठरवतं. भारतीय मानक आयएस २७७ मध्ये जस्ताची प्रत दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम, अशी सांगतात. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूला जस्ताचा थर साधारण ८ मायक्रॉन असतो, २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर १९ मायक्रॉन. मध्यम गंजणाऱ्या हवेत जस्त वर्षाला पाऊण ते दोन मायक्रॉन झिजतं, समुद्राजवळच्या किंवा कारखान्यांच्या हवेत दोन ते चार. म्हणजे १२० ग्रॅमचा बिनरंगाचा पत्रा वाईट हवेत तीन-चार वर्षांत उघडा पडू शकतो. सुरतेत खाडीची दमट हवा आहे, पांडेसरा-सचिनला प्रोसेसिंग हाउसच्या चिमण्या आहेत. भावातला थोडासा फरक पाहून हलका पत्रा घेणं इथे परवडत नाही.

ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, ज्याला बाजारात गॅल्व्हल्यूम म्हणतात, तितक्याच जाडीच्या जस्तापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. त्या मुलाम्यात ॲल्युमिनियम ५५ टक्के असतं. मात्र दोन गोष्टी त्याला सोसत नाहीत: ओलं सिमेंट आणि जनावरांचं मलमूत्र. म्हणून गॅल्व्हल्यूमचा पत्रा काँक्रीटमध्ये गाडू नये आणि गोठ्याच्या भिंतीला लावू नये. गावाकडे गाई-म्हशींसाठी शेड टाकणाऱ्या नातेवाइकांनाही हे सांगण्यासारखं आहे. ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे अजून मिळतात आणि ते गंजत नाहीत, पण त्यांची कापतानाची धूळ फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरते हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. घरच्या शेडसाठी त्यांचा विचारच करू नये.

आता वारा. या प्रश्नाचा गाभा इथे आहे आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते याच्याबद्दल. पत्र्याचं शेड कोसळतं कमी, उडतं जास्त. वारा छपरावरून वेगाने गेला की वरचा दाब कमी होतो, दार उघडं असेल तर आतून दाब वाढतो, आणि छप्पर वर खेचलं जातं. वाऱ्याच्या भाराचं मानक आयएस ८७५ (भाग ३) सुरतेसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतं, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. १० बाय १० फुटांच्या छपराचं क्षेत्रफळ ९.३ चौरस मीटर, म्हणजे एकूण जोर सुमारे ११०० किलो. दाट वस्तीत जमिनीलगत तो कमी भरतो, उघड्या गच्चीवर जास्त. तरीही अशा वादळात छपराला वर ओढणारी ताकद पाचशे ते हजार किलोंच्या दरम्यान धरावी लागते. आणि त्या छपरावरच्या पत्र्यांचं वजन किती? पन्नास-साठ किलो. भिंती आणि सांगाडा धरून सगळं शेड जेमतेम तीनशे किलो भरतं. वजनावर ते जागेवर राहीलच कसं? छपरावर विटा, जुने टायर, दगड ठेवणं हा उपाय नाही. उलट तेच दगड वादळात शेजाऱ्याच्या डोक्यावर जातात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-अलिबागकडे घरांचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले, आणि पुढचे कित्येक आठवडे नवे पत्रे मिळवण्यासाठी लोकांची वणवण झाली. त्यानंतर वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ गुजरातेत शिरलं आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यालाही त्याच्या वाऱ्याने झोडपलं. दोन्ही वेळा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: पत्रा शाबूत होता, पकड सुटली होती.

म्हणून जमिनीवरच्या शेडला प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा पाया हवाच. एक फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल अशा ठोकळ्याचं वजन साधारण १३५ किलो भरतं. चार खांबांना मिळून ५४० किलो, सहा खांब केले तर आठशेच्या वर. शेडचं स्वतःचं वजन त्यात मिळवलं की वरचा हिशेब जुळू लागतो. सुरतेच्या काळ्या चिकण मातीत पाया उथळ ठेवून चालत नाही, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खांब थेट मातीत गाडू नये, मातीच्या पातळीला तो गंजतोच. काँक्रीटमध्ये बोल्ट बसवावेत, खांबाच्या तळाला बेस प्लेट जोडावी आणि नटाने आवळावी. काँक्रीटला सात दिवस पाणी मारल्याशिवाय वर सांगाडा चढवू नये. फॅब्रिकेटरला घाई असते. आपण थांबायचं, त्यालाही थांबवायचं.

सांगाडा उभा करताना काटकोन तपासायची जुनी युक्ती पुरेशी आहे: एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजा, तिरकं अंतर ५ फूट भरलं पाहिजे. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. किट असो की वेल्डिंगचं काम, दार न लागणं, पत्र्याची भोकं न जुळणं, छपरात फट राहणं या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा कर्णांतल्या फरकात असतं. जस्ताचा पाईप वेल्ड केला की जोडाजवळचं जस्त जळून जातं. तिथे नुसता रेड ऑक्साईड फासून पांढरा रंग मारणं पुरेसं नाही, जस्तयुक्त प्रायमर लावायला सांगा. या धुराने वेल्डरला ताप-थंडी भरते, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच व्हावं.

पत्रा कापायला अनेक जण सर्रास ग्राइंडर वापरतात. त्याच्या ठिणग्या रंगीत पत्र्यावर पडून जिथे चिकटतात तिथे पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उमटतात. पत्रा कात्रीने कापावा, आणि स्क्रू मारून झाले की छपरावरचा लोखंडी चुरा झाडून काढावा. स्क्रूखाली रबराचा वायसर असतो. तो चिरडेपर्यंत आवळला तर तिथूनच गळती लागते, ढिला ठेवला तरी लागते. वायसर किंचित दबला की हात थांबवायचा. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. मधल्या भागात चार कमी चालतील, कडेला एकही कमी नको. पत्र्यावर पत्रा चढवताना बाजूला एक पूर्ण नागमोड आणि खालीवर निदान सहा इंच ठेवावेत. उतार द्यायला कंजुषी करू नये. सुरतेत मोसमी पाऊस हजार मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे अशा छोट्या छपरावरूनही हंगामात दहा हजार लिटर पाणी वाहतं. पन्हळ लावून ते टाकीत घेतलं तर चांगलंच, निदान शेजाऱ्याच्या भिंतीवर तरी सोडू नका. यावरून झालेली भांडणं पोलिसांपर्यंत गेलेली आहेत.

काम दिवाळीनंतर काढावं. हवा कोरडी असते, वेल्डरला वेळ असतो, आणि होळीपर्यंत सगळं आटोपतं. फक्त उत्तरायणाआधी गच्चीवरचं अर्धवट काम उघडं ठेवू नका. १४ आणि १५ जानेवारीला सारं सुरत गच्चीवर असतं, पतंगामागे मुलं कुठेही चढतात, आणि पातळ पत्रा माणसाचं वजन पेलत नाही.

पाण्याचं दुसरं संकट खालून येतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. ते अनेकांना आठवतं. पण लिंबायत, पर्वत पाटिया, गोडादरा भागांत खाडीचं पाणी त्याहून कितीतरी वेळा घरात शिरतं. म्हणून शेडचा ओटा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच असावा, धान्य आणि साड्या त्यावर आणखी मांडणीत ठेवाव्यात, आणि भिंतीचा पत्रा ओट्याच्या बाहेरून खाली उतरावा, म्हणजे पावसाचं पाणी आत वळणार नाही. तळाच्या फटी बुजवणं उंदरांसाठीही गरजेचं आहे. सप्टेंबर १९९४ च्या प्लेगने या शहराला उंदीर आणि कचरा यांचं नातं फार कठोरपणे दाखवलं. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आजही सापडतात, आणि तो आजार उंदरांच्या मुतातून पसरतो. धान्याचं शेड उंदरांना मोकळं ठेवणं म्हणजे आजार घरात आणणं.

विजेबाबत एकच सांगणं, पण सक्तीचं. लोखंडी शेडमध्ये दिवा घ्यायचा असेल तर तार पाईपमधूनच न्यावी, पत्र्याच्या धारदार कडेवर ती घासू देऊ नये, सांगाड्याला अर्थिंग द्यावं आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावावा. पावसाळ्यात ओल्या हाताने दार उघडणाऱ्या माणसाचा जीव एवढ्यावर अवलंबून असतो.

राहता राहिली गच्ची. तिथे शेड टाकण्याचा मोह मोठा आहे, कारण जमीन नाही आणि गच्ची रिकामी दिसते. पण लोक वापरतात अशा गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे १५० किलो भारासाठी धरलेला असतो. कापडाची गाठोडी किंवा धान्याच्या गोण्या डोक्याइतक्या रचल्या की तो आकडा सहज ओलांडला जातो. खांब रोवण्यासाठी स्लॅबला भोकं पाडली की वरचं वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या खोलीत ओल उतरते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली भट्टी होते, तिथे गॅस सिलिंडर, थिनर, रंगाचे डबे ठेवणं म्हणजे संकट बोलावणं. आणि साड्या? सुरतेचं कापड मुख्यतः सिंथेटिक आहे. ते वितळत जळतं, आणि धूर माणसाला जिना गाठू देत नाही.

२४ मे २०१९ ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये जे झालं ते याच वाटेने झालं. इमारतीच्या माथ्यावर उभारलेल्या बांधकामात शिकवणीचे वर्ग भरत होते. आत जळणारं साहित्य होतं, बसायला टायर होते, बाहेर पडायला नीट वाट नव्हती. खालून आग चढली. २२ विद्यार्थी गेले. मुलांनी वरून उड्या मारल्या, ती दृश्यं सगळ्या देशाने पाहिली. त्यानंतर पालिकेने शहरभर शिकवण्या बंद केल्या, इमारतींच्या माथ्यावरची बेकायदा शेड आणि डोम काढायची मोहीम घेतली. कालांतराने मोहीम थंडावते, शेड परत उगवतात. सुरुवात सामानानेच होते. मग एक खाट जाते, भावाकडून आलेला पुतण्या तिथे झोपतो, मग चार मुलांचा क्लास, मग शिलाईची दोन मशिनं. कोणीही ठरवून धोका पत्करत नाही, पण वाढत वाढत तिथे माणसं राहू लागतात.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. गुजरातचे २०१७ चे एकत्रित विकास नियंत्रण नियम इमारतीभोवतीची मार्जिनची जागा मोकळी ठेवायला सांगतात, आणि ती जागा अग्निशमनासाठी व हवेसाठी असते. पत्रा कायमचा नाही म्हणून परवानगी लागत नाही, ही समजूत खरी नाही. इम्पॅक्ट फी भरली की सगळं नियमित होतं, हीसुद्धा नाही. ती सोय २०२२ मधल्या ठरावीक तारखेआधीच्या बांधकामांसाठी होती, आज टाकलेल्या शेडला तिचा आधार मिळत नाही. काम काढण्याआधी पालिकेच्या उधना किंवा लिंबायत झोनच्या कचेरीत जाऊन विचारणं, आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र लेखी घेणं, याला पर्याय नाही.

गच्चीवर सावलीच हवी असेल तर शेडपेक्षा सौर पॅनेलचा उंच सांगाडा केव्हाही बरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. खाली सावली मिळते, वर वीज होते, आणि चारी बाजू मोकळ्या असल्याने तिथे खोली तयार होत नाही. सांगाडा मात्र वाऱ्याच्या त्याच हिशेबाने बांधलेला असावा.

ज्यांचं शेड आधीच उभं आहे त्यांना एक विनंती. येत्या रविवारी आत जा. खांबांचे तळ ठोकून पाहा, छपराच्या कडेचे स्क्रू हाताने हलतात का बघा, सिलिंडर आणि थिनर बाहेर काढा, आणि तिथे कोणी झोपत असेल, शिकत असेल, काम करत असेल तर त्याची जागा त्याच दिवशी बदला.